तपकिरी शाईतलं बर्लिन

१९२० च्या दशकात बर्लिनमध्ये सिनेमाला गेलेल्या माणसाला तिकिटाबरोबर आणखी एक गोष्ट विकत घेता यायची. चार किंवा आठ पानांची पुस्तिका, बहुतेकदा तपकिरी शाईत छापलेली. वर नाव ‘इलुस्ट्रिअर्टर फिल्म-कुरिअर’. मुखपृष्ठावर नायिकेचा चेहरा नाहीतर झोतात न्हालेला एखादा जिना. आत कथेचा सारांश, कलाकार आणि तंत्रज्ञांची यादी, आणि चित्रपटातल्या प्रसंगांची छायाचित्रं एकमेकांत अशी मिसळलेली, की एकाच पानावर दोन-तीन दृश्यं एकदम चालू आहेत असं वाटावं. १९१९ मध्ये ही मालिका सुरू झाली आणि १९४४ पर्यंत चालली. प्रत्येक चित्रपटाला वेगळा अंक. खिशातली चिल्लर पुरेल एवढी किंमत. लोक तो घडी घालून कोटाच्या खिशात ठेवत, घरी नेत, आणि जर्मन माणसाच्या सवयीप्रमाणे बरेचजण त्याला दोन भोकं पाडून फायलीत लावत.

माझ्या संग्रहात मुख्यतः हे अंक आहेत. त्यांच्या सोबतीला नटनट्यांची पोस्टकार्डं, थिएटरबाहेरच्या काचेच्या पेटीत लावायचे फोटो आणि सिगारेटच्या चित्रांचे दोन अल्बम.

याची ओढ मला पुण्यात लागली. आजीच्या ट्रंकेत ‘प्रभात’च्या चित्रपटांच्या गाण्यांच्या पुस्तिका होत्या. थिएटरात विकत घेतलेल्या, पानं पिवळी पडलेल्या, काही गाण्यांपुढे पेन्सिलीने खुणा केलेल्या. पुढे मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकत असताना तिथे दाखवलेले जुने जर्मन मूकपट पाहिले, आणि कामानिमित्त बर्लिनला राहायला गेल्यावर बाजारात पहिला फिल्म-कुरिअर हातात आला. बाकी सगळं अनोळखी होतं, पण हा कागद कशासाठी जन्माला आला हे मला आजीच्या ट्रंकेमुळे लगेच कळलं. सिनेमा संपतो, दिवे लागतात, आणि आपल्याला त्यातलं काहीतरी घरी न्यायचं असतं.

टियरगार्टन स्टेशनाजवळ सतरा जून रस्त्यावर शनिवार-रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. चांदीचे चमचे, झुंबरं, फौजी बटणं यांच्या मध्ये कुठेतरी एखाद्या टेबलावर कागदांचे खोके असतात. ते उभं राहून, एकेक कागद पुढे सारत पाहायचे. विक्रेत्यांची भाषा हळूहळू कळत जाते. अंक ‘गेलोख्ट’ आहे म्हणजे फायलीची भोकं पडलेला. पोस्टकार्ड ‘गेलाउफेन’ म्हणजे टपालातून जाऊन आलेलं. मागे थिएटरचा शिक्का असला तर किंमत थोडी कमी, कारण नीटनेटकेपणा आवडणाऱ्यांना तो डाग वाटतो. मला शिक्का असलेला अंकच हवा असतो. ड्रेस्डेनचं एखादं थिएटर किंवा ब्रेस्लाऊमधलं, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्स्वाफमधलं. शहराचं नाव बदललं, देश बदलला, इमारत राहिली नाही, आणि त्या संध्याकाळी हा अंक तिथे विकला गेला याचा पुरावा जांभळ्या शाईत शिल्लक आहे.

खरं-खोटं ओळखायलाही शिकावं लागतं. जुने फिल्म-कुरिअर खोलमुद्रणाने छापलेले. भिंगाखाली त्यातली सावली मखमलीसारखी सलग दिसते. नव्या ऑफसेट नकलेत ठिपक्यांचे गोल फुलोरे दिसतात. अस्सल फोटो-पोस्टकार्ड तिरपं धरलं की गडद भागांवर चंदेरी झाक येते, कारण कागदातली चांदी वर्षानुवर्षं वर येत राहते. आणि सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे छोटा अतिनील दिवा. साधारण १९५० नंतरच्या कागदात उजळपणासाठी रसायनं घालू लागले. त्या प्रकाशात तो कागद निळसर पांढरा चमकतो. १९२७ चा कागद शांत राहतो.

या छंदातली चर्चा बहुधा पोस्टरांची आणि लिलावाच्या आकड्यांची असते, तेव्हा तेही सांगते. ‘मेट्रोपोलिस’ या फ्रिट्झ लांगच्या चित्रपटासाठी हाइन्झ शुल्झ-नॉइडाम याने केलेलं मोठं पोस्टर २००५ मध्ये ६,९०,००० डॉलरला विकलं गेलं. त्याच्या अवघ्या चार प्रती माहीत आहेत. त्यातली एक न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. पोस्टर सुंदर आहे, वादच नाही. योसेफ फेनेकरने कुरफ्युर्स्टेनडामवरच्या मार्मोरहाउस थिएटरसाठी केलेली पोस्टरं तर मला त्याहून प्रिय आहेत, ती फिकट हिरवी माणसं, लांबट बोटं, तापात पडलेल्या स्वप्नांचे रंग. याच मार्मोरहाउसमध्ये २६ फेब्रुवारी १९२० ला ‘डॉ. कालिगारी’ या गाजलेल्या मूकपटाचा पहिला खेळ झाला होता. पण पोस्टर भिंतीवर लावण्यासाठी असतं, ते रस्त्याशी बोलतं. पुस्तिका एका माणसाशी बोलते. आणि तिच्यात पोस्टरवर मावत नाही अशी एक गोष्ट असते. नावं.

मला या छंदाबद्दल जे सांगायचं आहे ते या नावांबद्दलच आहे.

माझ्याकडे ‘डेअर कोंग्रेस टान्झ्ट’ या १९३१ च्या संगीतपटाचा अंक आहे. नेपोलियननंतरच्या व्हिएन्ना परिषदेची पार्श्वभूमी, हातमोजे विकणारी मुलगी आणि रशियाचा झार यांची हलकीफुलकी प्रेमकथा. उफा या बड्या जर्मन चित्रपट कंपनीचा मोठा विजय होता तो. मुखपृष्ठावर नायिका लिलियन हार्वी हसते आहे. आतली यादी मात्र मी कधी घाईने वाचू शकत नाही. निर्माता एरिक पॉमर. ‘मेट्रोपोलिस’ त्याने उभा केला, ‘ब्लू एंजल’ त्याने उभा केला. दिग्दर्शक एरिक शारेल. संगीत व्हेर्नर रिशार्ड हायमान. एका भूमिकेत कॉनराड फाइट, तोच ‘कालिगारी’तला झोपेत चालणारा सेझारे. आणखी एका भूमिकेत ओटो वालबुर्ग, गोलमटोल, भराभर बोलून हसवणारा.

२९ मार्च १९३३ ला उफाच्या संचालकांची बैठक झाली आणि कंपनीतल्या ज्यू माणसांशी असलेले करार मोडायचं ठरलं. हिटलर सत्तेवर येऊन तेव्हा दोन महिने झाले होते. असा कायदा अजून झालेलाही नव्हता, कंपनीने आपण होऊन पाऊल टाकलं. पॉमर गेला. हायमान गेला. शारेल गेला. फाइट स्वतः ज्यू नव्हता, त्याची बायको ज्यू होती. तो तिच्याबरोबर इंग्लंडला गेला. वालबुर्ग हॉलंडपर्यंत पोचला, तिथे जर्मन फौज पोचली, आणि १९४४ मध्ये ऑश्विट्झच्या नाझी छावणीत त्याला मारलं. १९३७ मध्ये या चित्रपटावर बंदी आली, कारण त्यात ज्यूंचा हात होता.

राज्यसत्ता चित्रपटावर बंदी घालू शकते. रिळं कपाटात बंद करू शकते, जाळू शकते, श्रेयनामावली कापू शकते. पण किरकोळ किमतीला विकलेल्या, घरोघरी फायलींत जाऊन बसलेल्या या पुस्तिका ती परत कशा गोळा करणार? ती नावं स्वयंपाकघराच्या कपाटात, पोटमाळ्यावर, शिवणाच्या डब्याखाली पडून राहिली. ज्यांनी ती ठेवली त्यातल्या बहुतेकांनी काही शौर्य म्हणून ठेवली नसतील. लिलियन हार्वी आवडायची म्हणून ठेवली असतील. तरी ठेवली. म्हणून फिल्म-कुरिअर उघडला की मी आधी यादी वाचते आणि मग चित्रं पाहते.

पोस्टकार्डांचीही हीच कथा आहे. बर्लिनमध्ये हाइनरिश रॉस नावाच्या प्रकाशकाने नटनट्यांची फोटो-पोस्टकार्डं काढली, ती ‘रॉस फेर्लाग’ या नावाने जगभर गेली. खाली कोपऱ्यात बारीक क्रमांक, तिरपी रेघ, पुढे दुसरा आकडा, म्हणजे त्या मालिकेतलं कितवं. सोबत फोटो काढणाऱ्या स्टुडिओचं नाव. संग्राहक हे क्रमांक वहीत लिहून ठेवतात आणि रिकाम्या जागा भरत जातात. हे कार्ड आठ-नऊ सेंटिमीटर रुंद आणि चौदा सेंटिमीटरच्या आसपास लांब, पण त्यातला प्रकाश पाहावा. कपाळावरून उतरून गालाच्या हाडावर थांबलेला. पुढे हॉलिवूडच्या फोटोंनी असा प्रकाश आपलासा केला. रॉस स्वतः ज्यू होता. १९३७ मध्ये त्याची कंपनी त्याच्याकडून हिसकावून घेतली गेली. तो अमेरिकेला निघून गेला आणि कार्डांवर त्याचं नाव मात्र आणखी काही वर्षं छापलं जात राहिलं. नाव विकाऊ होतं, माणूस नको होता.

कुर्ट गेरॉनचं एक कार्ड माझ्याकडे आहे. ‘ब्लू एंजल’मधला जादूगार-मालक, जाडजूड, डोळ्यांत मिश्किली. ज्यू म्हणून त्याला नाझींच्या थेरेसीनश्टाट छावणीत नेलं, तिथे छावणी कशी छान आहे हे दाखवणारा प्रचारपट त्याच्याकडून दिग्दर्शित करून घेतला, आणि मग ऑश्विट्झला पाठवलं. योआखिम गॉटशाल्कचंही एक आहे. देखणा, लोकप्रिय नट, बायको ज्यू होती, घटस्फोट घ्यायला त्याने नकार दिला. १९४१ मध्ये बायको आणि लहान मुलासह त्याने आयुष्य संपवलं. हे कार्ड टपालातून गेलेलं आहे. मागे जुन्या जर्मन वळणाच्या अक्षरात कुणा मुलीने मैत्रिणीला हवा कशी आहे ते आणि लवकर भेटू असं लिहिलं आहे. ही लिपी वाचायला मी मुद्दाम शिकले.

बाजारात हे सगळे एकाच खोक्यात असतात. बळी गेलेले, पळून गेलेले, राहिलेले, आणि राजवटीच्या मांडीवर बसून मोठे झालेले. आडनावाच्या क्रमाने लावलेले, एकमेकांना टेकून. त्यामुळे १९३३ नंतरच्या वस्तूंचं काय करायचं हा प्रश्न प्रत्येक संग्राहकापुढे येतो. जर्मनीत स्वस्तिकाचं प्रदर्शन कायद्याने निषिद्ध आहे, म्हणून विक्रेते मुखपृष्ठावरच्या चिन्हावर कागदाची पट्टी चिकटवून ठेवतात. त्या काळातलं काहीच नको, अशी काहींची भूमिका असते. मला ती पटत नाही. १९३२ चा अंक आणि १९३५ चा अंक शेजारी ठेवले, की याद्यांमधली भगदाडं दिसतात. एकट्या १९३२ च्या अंकाकडे पाहून ती दिसत नाहीत.

म्हणूनच सिगारेटचा अल्बम माझ्याकडे आहे. तेव्हा पाकिटात कुपन असायचं, ती जमवून पाठवली की चित्रांचा संच घरी यायचा, आणि अल्बम वेगळा घेऊन त्यात छापलेल्या चौकटींत चित्रं डकवायची. १९३५ मध्ये आल्टोना-बारेनफेल्डच्या सिगारेट-चित्र कंपनीने ओस्कार काल्बुसचा जर्मन चित्रपटाचा इतिहास असा दोन खंडांत काढला, एक मूकपटांचा, एक बोलपटांचा. लिखाण त्या राजवटीच्या मनासारखं आहे. पण चित्रं! एखाद्या कुटुंबाने धूर सोडत सोडत जर्मन सिनेमाचा इतिहास चिकटवत नेला, कोपरे दाबून, डिंक बाहेर येऊ न देता. माझ्या खंडात दोन चौकटी रिकाम्या आहेत. त्या मी भरणार नाही. त्या घराकडे ती चित्रं पोचली नाहीत, तेही त्या घराच्या इतिहासात आहे.

कागदाचा संग्रह शेवटी कुठे जावा, यावर मी बराच विचार करत आले आहे. या बाबतीत दोन माणसं माझ्या डोळ्यांपुढे असतात.

पहिला हान्स झाक्स. बर्लिनचा दंतवैद्य. शाळेत असल्यापासून पोस्टरं जमवणारा. १९०५ मध्ये त्याने पोस्टरप्रेमींची संस्था काढली, पुढे ‘दास प्लाकाट’ हे देखणं नियतकालिक चालवलं. सुमारे साडेबारा हजार पोस्टरं जमली. झाक्स ज्यू होता. १९३८ मध्ये हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याच्या हुकमाने गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, ती सगळी उचलून नेली आणि झाक्सला छावणीत टाकलं. सुटका झाल्यावर तो अमेरिकेला गेला. युद्धानंतर पोस्टरं नष्ट झाली असंच धरलं गेलं. १९६१ मध्ये पश्चिम जर्मनीने त्याला भरपाई दिली, आणि काही वर्षांनी कळलं की पूर्व बर्लिनच्या संग्रहालयात त्यातली बरीच शिल्लक आहेत. त्याला ती पुन्हा पाहायला मिळाली नाहीत. १९७४ मध्ये तो गेला. मुलाने खटला चालवला आणि २०१२ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने सुमारे ४,३०० पोस्टरं त्याला परत द्यायला लावली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कला त्यांचा लिलाव सुरू झाला. संग्रह संग्रहालयातच राहायला हवा होता, असं म्हणणारे मला भेटतात. मला ते मान्य नाही. जे लुटलं गेलं ते आधी परत गेलंच पाहिजे. मालकाने त्याचं काय करायचं हा मालकाचा प्रश्न.

दुसरा गेऱ्हार्ड लाम्प्रेख्त. हा स्वतःच दिग्दर्शक, १९३१ चा ‘एमिल आणि गुप्तहेर’ हा मुलांचा गाजलेला चित्रपट त्याचा. तरुणपणापासून त्याने चित्रपट, कॅमेरे, कार्यक्रमपत्रिका, फोटो, कागद जमवले. लोक ज्या गोष्टी केराच्या टोपलीत टाकत होते त्या. बर्लिनने त्याचा संग्रह घेतला आणि १९६३ मध्ये त्याच पायावर ‘डॉइचे किनेमाटेक’ उभी राहिली, तोच तिचा पहिला संचालक. पुढे १९९३ मध्ये ‘ब्लू एंजल’ची नायिका मार्लेन डीट्रिश हिच्या मागे राहिलेलं सगळं, पोशाख, पत्रं, पेट्या, बर्लिनने विकत घेतलं आणि तेही या संस्थेकडे आलं. पण सुरुवात लाम्प्रेख्तच्या खोक्यांपासून झाली. जर्मन मूकपटांची जी दहा खंडांची सूची त्याने तयार केली, ती या कागदांशिवाय होऊच शकली नसती.

कागदाने प्रत्यक्ष चित्रपट वाचवल्याचंही उदाहरण आहे, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. ‘मेट्रोपोलिस’ १० जानेवारी १९२७ ला झू स्टेशनाजवळच्या उफा-पालास्टमध्ये झळकला आणि काही महिन्यांत निर्दयपणे कापला गेला. कापलेले तुकडे हरवले. पुढे म्युनिकच्या चित्रपट संग्रहालयात एनो पाटालास यांनी तो पुन्हा जुळवायला घेतला तेव्हा हाताशी काय होतं? सेन्सॉरची कार्डं, ज्यांवर पडद्यावरची सगळी वाक्यं उतरवलेली. गॉटफ्रीड हुप्पेर्ट्झची संगीतलिपी, तिच्यात कुठल्या सुराला पडद्यावर काय घडतं याच्या नोंदी. आणि चित्रीकरणाच्या वेळचे स्थिरचित्रांचे फोटो. या कागदांवरून कुठे काय गहाळ आहे ते आधी ठाऊक झालं, आणि २००८ मध्ये ब्वेनोस आयरेसच्या संग्रहालयात जवळपास पूर्ण प्रत सापडली तेव्हा ती कुठे कशी बसते हे कळायला हेच कामी आले.

ते फोटो काढणारा होर्स्ट फॉन हार्बू हा पटकथा लिहिणाऱ्या थेआ फॉन हार्बूचा भाऊ. थेआचं नाव माझ्या अनेक अंकांत आहे, आणि तिथे मराठी माणूस म्हणून माझा हात थोडा थबकतो. ती लांगची बायको, त्याच्या थोर मूकपटांची लेखिका. १९३३ मध्ये त्यांचा घटस्फोट झाला आणि त्या सुमारास तिच्या आयुष्यात आले आयी गणपत तेंडुलकर, बेळगावजवळच्या बेळगुंदीचे, जर्मनीत शिकलेले पत्रकार. तिने भारतीय विद्यार्थ्यांना मदत केली, तेंडुलकरांवर जीव लावला. आणि हीच बाई जर्मनीत राहिली, नाझी पक्षाची सभासद झाली, ज्या राजवटीने तिच्या सहकाऱ्यांची नावं याद्यांतून खोडली तिच्यासाठी लिहीत राहिली. तेंडुलकर महायुद्धाच्या तोंडावर भारतात परतले, इंग्रजांच्या तुरुंगात गेले. माझ्या बेळगावच्या मावशीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “अगं, मग तिला चांगली म्हणायची का वाईट?” मी तिला एवढंच म्हटलं की, मावशी, तिचे १९३३ आधीचे आणि नंतरचे, दोन्ही अंक मी एकाच खोक्यात ठेवते.

आता हा संग्रह पुण्यात आहे. बर्लिनच्या कोरड्या हिवाळ्यात नव्वद वर्षं टिकलेल्या कागदाला इथला आषाढ सोसत नाही. प्रत्येक अंक पॉलिएस्टरच्या पाकिटात, मागे आम्लमुक्त पुठ्ठा, खोक्यात सिलिका जेल. कसर आणि बुरशी यांच्यावर नजर ठेवावी लागते. पावसाळ्यात खोलीत आर्द्रता मोजणारं यंत्र चालू असतं आणि घरातले तिथे ओले कपडे वाळत घालत नाहीत. जुन्या चित्रपटांचे सुटे तुकडे मात्र मी घेत नाही. त्या काळची नायट्रेट फिल्म भयंकर ज्वालाग्राही, ती घरात ठेवण्याची वस्तू नव्हे.

सध्या माझा शोध तीन चित्रपटांच्या कागदांचा चालू आहे. म्युनिकच्या एमेल्का कंपनीने हिमांशू राय यांच्याबरोबर १९२५ मध्ये बुद्धाच्या जीवनावर मूकपट केला, दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन. जर्मनीत तो ‘डी लॉइश्टे आझिएन्स’ नावाने लागला. मग ‘शिराझ’ आणि ‘प्रपंच पाश’ आले, १९२८ आणि १९२९ मध्ये, त्यांत उफाचाही हात होता. तिथून पुढे हा धागा सरळ मालाडला येतो. बॉम्बे टॉकीजसाठी ऑस्टेन आणि छायालेखक जोसेफ विर्शिंग इथे आले, ‘अछूत कन्या’ केला, आणि महायुद्ध सुरू झाल्यावर शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून इंग्रजांनी त्यांना पकडलं. ऑस्टेन जर्मनीला परतले. ते नाझी पक्षाचे सभासद होते, हेही नोंदवायला हवं. विर्शिंग सुटल्यावर इथेच राहिले, ‘महल’ चित्रित केला, ‘पाकीझा’वर काम करत असताना १९६७ मध्ये गेले. त्यांनी काढलेल्या हजारो फोटोंचा ठेवा कुटुंबाने गोव्यात जपला, आणि २०१७ मध्ये पणजीच्या सेरेंडिपिटी महोत्सवात त्यातले काही मांडले गेले. मी ते पाहायला गेले होते. देविका राणीच्या गालावर तोच प्रकाश होता, रॉसच्या पोस्टकार्डांवर दिसतो तो.

त्या तीन चित्रपटांचा एकही जर्मन कागद माझ्याकडे नाही. बर्लिन आणि म्युनिकच्या विक्रेत्यांना सांगून ठेवलं आहे. एका बाईंनी कळवलं आहे की त्यांच्या गोदामात १९२० च्या दशकातल्या थिएटर-फोटोंचं, हत्ती आणि राजवाडे असलेलं एक बंडल आहे, चित्रपटाचं नाव नसलेलं. मी त्यांना मागच्या बाजूचे शिक्के आणि क्रमांक पाठवायला सांगितलं आहे. जर्मनांनी तेव्हा स्टुडिओत उभे केलेले भारतही पुष्कळ होते, तेव्हा आधी सावल्या पाहायच्या. राजस्थानातलं ऊन असेल तर ओळखू येईल.